पुढील हंगामाची यादी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त निशातगंज, लखनौ येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालकांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



निशातगंजच्या पुलावरून गोमती ओलांडून हजरतगंजाकडे निघालेल्या मराठी माणसाला या शहरात दोन आठवणी गाठतात. पहिली कैसरबागेतली. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून 1926 साली तेथे उभे राहिलेले संगीत विद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते, आणि त्याविषयी महाराष्ट्रात पुष्कळ बोलले जाते. दुसरी आठवण कुस्तीची आहे. ती तितकीच अभिमानाची असूनही तिचा उच्चार क्वचितच होतो. 1948 साली राष्ट्रीय क्रीडास्पर्धा लखनौ येथे झाल्या. त्या स्पर्धांत कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील बावीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने फ्लायवेट गटातील राष्ट्रीय विजेते, बंगालचे निरंजन दास यांना पराभूत केले. त्या विद्यार्थ्याचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव. गाव कराडजवळचे गोळेश्वर, शाळा कराडचे टिळक हायस्कूल. त्याच वर्षी ते लंडन ऑलिंपिकला गेले आणि गादीवरच्या कुस्तीचा फारसा सराव नसतानाही सहाव्या क्रमांकावर आले.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी कोणी जाणत्याने विजेत्यांची यादी केली असती, तर फ्लायवेटच्या रकान्यात कोणाचे नाव लिहिले गेले असते? निःसंशय निरंजन दास यांचेच. यादी करणाऱ्याची त्यात चूक नव्हती. यादी झालेल्या गोष्टींवरून होते आणि कुस्ती व्हायची असते, एवढेच.

आजचा विषय असा : महाविद्यालयीन कुस्ती संघात पुढील हंगामी कोण खेळेल आणि त्या संघाला आशा किती, हे आधी कसे ओळखावे? विषय पैलवानांचा खरा. परंतु येथे बसलेल्या पालकांपैकी काहींची मुले-मुली तालमीत जातात, आणि त्यांच्या घरी हा प्रश्न दर जूनमध्ये जेवणाच्या ताटावर येऊन बसतो. मुलाने 65 किलोत खेळावे की वजन उतरवून 61 मध्ये? त्या गटात आधीचा मुलगा आहे, तो यंदा महाविद्यालय सोडणार की नाही? कोणी याला कुतूहल म्हणेल, पण त्यावर त्या मुलाचे एक वर्ष अवलंबून असते.

जत्रेच्या फडात यादी नसते. तेथे जोड लागते. पंच दोन पैलवान शेजारी उभे करतात, अंगलट पाहतात, वस्तादांना विचारतात आणि कुस्ती ठरते. दोन-चार किलोंचा फरक कोणी मनावर घेत नाही. महाविद्यालयीन कुस्तीचा पायाच वेगळा. जागतिक कुस्ती संघटनेने 2018 पासून प्रत्येक प्रकारात दहा वजनगट ठेवले. पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये ते 57 पासून 125 किलोपर्यंत, महिलांमध्ये 50 पासून 76 पर्यंत. एका गटात संघाचा एकच मल्ल. त्यामुळे एखाद्या महाविद्यालयात 65 किलोचे तीन उत्तम मुलगे असले आणि 92 ला कोणीच नसले, तर तो संघ कागदावर भक्कम आणि प्रत्यक्षात लंगडा असतो. उरलेल्या दोघांनी एकतर वर चढायचे, नाहीतर खाली उतरायचे, नाहीतर वर्षभर सरावाला जोडीदार म्हणून अंग द्यायचे.

म्हणून अंदाज बांधणारा जाणता मनुष्य प्रथम कोण जाणार हे पाहतो. अंतिम वर्षाचे विद्यार्थी, वयोमर्यादा ओलांडणारे, पोलिसात किंवा सैन्यात भरती होणारे. त्यांची नावे खोडल्यावर ज्या जागा रिकाम्या राहतात तीच खरी यादीची सुरुवात. मग खालच्या गटातला कोणता मुलगा गेल्या दिवाळीपासून अंगाने भरला आहे, याचा शोध. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी मुले अंगाने भरतात आणि त्यांचे वजन चढते. गेल्या वर्षीचा 57 किलोचा मल्ल यंदा 61 चा असतो, पण वजन चढले म्हणून ताकद चढली असे नव्हे. त्यानंतर दुखापती. गुडघा आणि खांदा यांची चौकशी डॉक्टरांकडे करण्यापेक्षा तालमीत करावी. मुलगा जोर मारताना कोणता हात आखडता घेतो हे वस्तादाला सर्वांत आधी दिसते.

गुणांच्या हिशेबाकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत, आणि अनेक अंदाज तेथेच फसतात. जागतिक स्पर्धांच्या सांघिक मोजणीत सुवर्णाला 25, रौप्याला 20, दोन्ही कांस्यपदकांना प्रत्येकी 15 आणि पाचव्या स्थानाला 10 गुण मिळतात. म्हणजे दोन कांस्यपदके मिळून एका सुवर्णाहून जड. एका नामांकित पैलवानावर उड्या मारणारे महाविद्यालय आणि सहा मध्यम पण चिवट मुले असलेले महाविद्यालय यांत चषक बहुधा दुसऱ्याकडे जातो. वर्तमानपत्रात छायाचित्र पहिल्याचे येते.

अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीच्या अशा भाकितांचा मोठा नाद आहे. तेथे 125 पौंडांपासून 285 पौंडांपर्यंत दहा गट, आणि हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून कोण कोठे उतरणार याची चर्चा. शिवाय त्यांच्याकडे एक सोय आहे : नवा विद्यार्थी पहिले वर्ष केवळ सराव करून काढू शकतो आणि त्याची चार हंगामांची पात्रता शाबूत राहते. आपल्याकडे ही सोय असती तर कित्येक मुले घाईने मैदानात उतरून मोडली नसती. कॉर्नेल विद्यापीठाच्या काइल डेकने 2010 ते 2013 या चार वर्षांत 141, 149, 157 आणि 165 पौंड अशा चार वेगवेगळ्या गटांत राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. दर वर्षी तो एक गट वर गेला. शरीराला वाढू दिले आणि यादी शरीरामागून नेली, असे त्याचे वर्णन करता येईल.

याच अमेरिकेची दुसरी बाजू पालकांनी ऐकून ठेवावी. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तेथील तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरविण्याच्या खटाटोपात मृत्युमुखी पडले. तहानलेल्या शरीरावर रबरी पोशाख चढवून, उष्ण खोलीत व्यायाम करून घाम काढण्याची रीत तेव्हा सर्रास होती. त्यानंतर नियम बदलले : रबरी पोशाख आणि बाष्पस्नान यांवर बंदी आली, आणि वजन कुस्तीच्या वेळेच्या जवळ होऊ लागले. आपल्या तालमींत अजून कोणी कोणी पोते पांघरून धावतो आणि दोन दिवस पाणी तोडतो. अशा मुलाचे नाव यादीत आले तर आनंद मानण्यापूर्वी घरच्यांनी त्याचे ओठ पाहावेत.

वजनाचा काटा मोठमोठ्यांना कसा अडवितो हे 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकने दाखविले. 53 किलो गटातील भारताची जागा अंतिम पंघाल हिने 2023 च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक जिंकून मिळविली होती. विनेश फोगाट मग 50 किलोत उतरली, अंतिम फेरीपर्यंत गेली, आणि 7 ऑगस्टच्या सकाळी 100 ग्रॅम वजन जास्त भरल्याने अपात्र ठरली. त्याच स्पर्धेत 57 किलोच्या अमन सेहरावतचे वजन उपान्त्य लढतीनंतर 61.5 किलो झाले होते; रात्रभर खपून साडेचार किलोंहून अधिक उतरविल्यावर त्याला कांस्यपदकाची कुस्ती खेळता आली. दोघेही देशातील सर्वोत्तम मल्ल, दोघांच्या पाठीशी तज्ज्ञांचा ताफा. एकाचे वजन उतरले, दुसरीचे राहिले. महाविद्यालयातल्या मुलाच्या पाठीशी ताफा नसतो. त्याच्याजवळ असतो तो वसतिगृहातला मित्र आणि उधार आणलेला वजनकाटा.

लखनौकरांना महिला कुस्तीची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. कानपूर मार्गावरील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात महिलांचे राष्ट्रीय शिबिर अनेक वर्षे भरत आले आहे. 2016 च्या आरंभी 58 किलो गटाचे नाव काढले की लोक 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेची सुवर्णविजेती गीता फोगाट हिचेच नाव घेत. रोहतकची साक्षी मलिक त्या भाकितांत दुसऱ्या ओळीत होती. मे महिन्यात इस्तंबूल येथे साक्षीने पात्रता मिळविली. ऑगस्टमध्ये रिओ येथे कांस्यपदकाच्या लढतीत ती 0-5 अशी मागे पडली होती, आणि शेवटच्या क्षणी 8-5 ने जिंकली. दुसऱ्या ओळीतल्या नावाला संधी कशी मिळते, आणि मिळाल्यावर ते नाव तयार असते की नाही, हे कोणत्याही यादीवरून कळत नाही. ते रोजच्या सरावावरून कळते.

आता प्रत्यक्ष पुढील हंगामाविषयी. महाराष्ट्रातील, विशेषतः कोल्हापूर, सांगली, सातारा आणि पुणे या पट्ट्यातील महाविद्यालयीन संघांची बांधणी पाहता काही गोष्टी धिटाईने सांगता येतील. फ्रीस्टाइलचे 57 ते 74 किलो हे गट त्यांची बलस्थाने राहतील. मातीत वाढलेल्या मुलांचा दम आणि पटात घुसण्याची चपळाई या वजनांत सर्वाधिक फळते. ग्रीको-रोमनचे रकाने मात्र पुन्हा उरल्यासुरल्या मुलांनी भरले जातील. त्या प्रकारात कमरेखाली पकड वर्ज्य. आणि ज्याची सगळी कुस्ती पट काढण्यावर उभी, त्याला आठ दिवस आधी उभे करून काही साधत नाही. वास्तविक पाहता कमी गर्दीच्या या प्रकारातच पदक सर्वांत स्वस्त आहे. एखाद्या महाविद्यालयाने तीन मुले पहिल्या वर्षापासून केवळ ग्रीको-रोमनसाठी घडविली, तर दोन वर्षांत त्याची गणना बदलेल.

वरच्या वजनांबद्दल आशा बेताची ठेवावी. 86 किलोंच्या पुढचा चांगला पैलवान महाराष्ट्र केसरीकडे पाहतो, कारण ती लढत 86 ते 125 किलोंच्या मल्लांत होते, गदेचा मान तेथे आहे, आणि जत्रांच्या फडांतले इनामही त्यालाच मोठे. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या प्रमाणपत्राने खुराकाचा खर्च निघत नाही. या मुलाला कोणी दोष देऊ नये. दूध-तूप-बदामाचे पैसे बाप शेती विकून भरत असतो. परंतु प्रशिक्षकाने त्याचे नाव यादीत शाईने लिहू नये. मुलींचे संघ मात्र या अंदाजाला सुखद धक्का देतील असे वाटण्यास जागा आहे, कारण पूर्वी दहापैकी चार-पाच गट रिकामे ठेवणारी महाविद्यालये आता ते भरू लागली आहेत, आणि भरलेला गट म्हणजे हाती आलेले गुण. हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशातील विद्यापीठांना गाठायला अद्याप अवकाश आहे. रोहतक आणि मेरठकडच्या मुली लहान वयात गादीवर येतात. आपल्या मुलींना गादी बहुधा महाविद्यालयातच प्रथम दिसते.

अखेरीस पुन्हा खाशाबांकडे. राजाराम महाविद्यालयाच्या वार्षिक स्पर्धेत त्यांची लहान चण पाहून त्यांना भाग घेऊ दिला जात नव्हता, ते थेट प्राचार्यांकडे गेले आणि परवानगी मिळवून आपल्याहून दांडग्या मुलांना त्यांनी चीत केले, अशी आठवण सांगितली जाते. लंडननंतर ते 52 किलोंतून 57 च्या गटात चढले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या निवडीत मद्रासच्या स्पर्धेतील एका गुणाने त्यांचे नाव गळाले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा लढत मिळविली आणि जिंकली. मग पैशांचा प्रश्न उभा राहिला. प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. 23 जुलै 1952 रोजी खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्याच दिवशी, त्याच हेलसिंकीत, हॉकीचे सुवर्ण भारताने जिंकले आणि त्या संघाचे कर्णधार होते कुंवर दिग्विजय सिंह ऊर्फ बाबू. गोमतीपलीकडचे क्रीडांगण त्यांच्याच नावाचे आहे. दोघांच्याही नावाची आद्याक्षरे के. डी.

हॉकीचे सुवर्ण त्या वर्षी सर्वांनी आधीच गृहीत धरले होते. कुस्तीच्या कांस्याची अपेक्षा फारशी कोणाला नव्हती. कराडच्या स्थानकावर उतरलेल्या खाशाबांना गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने नेले. पुढे त्यांनी कुस्त्या भरवून पैसा उभा केला आणि खर्डेकरांचे घर सोडवून दिले.