दोन टक्के गेटाबाहेरचे

सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, म्हटलं की शाळांना दिलेले संगणक, गाळ काढलेले तलाव आणि फीत कापतानाचे फोटो डोळ्यांपुढे येतात. कामं मोलाचीच आहेत. पण हल्ली कंपन्या आणखी एक दावा करतात, की या कामांमुळे तरुण मंडळी नोकरी सोडून जात नाहीत. हा दावा तपासून पाहायला हवा.

कंपनी कायद्याचं कलम १३५ आणि त्यानुसार सीएसआरवर खर्चायचे नफ्याचे दोन टक्के आता सगळ्यांना पाठ आहेत. त्याच नियमांतली एक तरतूद मात्र फारशी कुणी बोलून दाखवत नाही. निव्वळ आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी केलेलं काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे हे दोन टक्के गेटाबाहेरचे. गेटाच्या आतलं देणं वेगळं, आणि ते यातून फिटत नाही.

जुन्या पिढीला आतलं आणि बाहेरचं दोन्ही एकदम मिळालं होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या ओसाड माळावर कारखान्याबरोबर वसाहतही उभी केली. जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस आला, १९२० मध्ये भरपगारी रजा आणि प्रॉव्हिडंट फंड आला. कुठल्याही कायद्याची सक्ती नसताना! तिथे बापामागून मुलगा त्याच कारखान्यात लागला, तो या भरवशावर.

आजच्या पंचविशीतल्या मुलाला वसाहतीतलं घर नको असेल, भरवसा मात्र त्यालाही हवा आहे. २०२१ मध्ये कोविडने दगावलेल्या कामगारांच्या कुटुंबांना, तो कामगार साठीचा झाला असता तोपर्यंत, त्याचा शेवटचा पगार देण्याचं टाटा स्टीलने जाहीर केलं. ही बातमी तरुणांनीही एकमेकांना पाठवली. हा पैसाही दोन टक्क्यांतला नव्हे, हे पुन्हा सांगायला हवं.

मग सीएसआरने माणूस टिकतच नाही का? टिकतो, पण त्यात त्याचा हात लागला तर. घरच्या कार्यात गावजेवण असतं. घरातल्या पोराच्या हाती वाढायला भाताचं पातेलं दिलं, की ते कार्य त्याचं होतं. कोणत्या पंगतीला काय कमी पडलं, हे त्यालाच आधी कळतं. त्याला नुसतं फोटोपुरतं उभं केलं, तर तो पाहुण्यासारखा जेवून निघून जातो. आणि घरचेच उपाशी असतील, तर गावजेवणाचं कौतुक त्यांनी कोणत्या तोंडाने करावं?

टाटा समूहाच्या ‘प्रोएंगेज’ उपक्रमात कर्मचारी आपलं कसब वापरून काही महिने एखाद्या सामाजिक संस्थेचं काम करतात. त्यात निवृत्तांनाही जागा आहे. जुना फोरमन आणि नवी इंजिनिअर मुलगी एकाच कामाला भिडतात, तेव्हा दोन पिढ्यांची खरी ओळख होते. एका रविवारी झाडं लावून ती होत नाही.

  

तेव्हा कंपन्यांच्या संचालकांना एवढीच विनंती. येत्या वर्षाची सीएसआरची कामं ठरवताना समितीच्या बैठकीला शॉपफ्लोअरवरचा एक जुना कामगार आणि यंदा भरती झालेलं एक माणूस बोलवा. त्यांना आधी गेटाच्या आतलं विचारा, मग बाहेरचं.