चिठ्ठी बरणीवर असते

श्रोतेहो, वेळ थोडा आहे, म्हणून मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो. व्हिडिओची मूळ फाइल पुसू नका. मधेच कुणाचा फोन आला, कुकरची शिट्टी झाली, बाकीचं ऐकायचं राहून गेलं तरी चालेल. एवढं वाक्य तेवढं धरून ठेवा. मी ते पुन्हा सांगणार आहेच.

हल्ली घरोघर एडिटिंग चालतं. मुंज, साखरपुडा, आजीची पंचाहत्तरी, सगळ्याची फिल्म होते आणि छान होते. पाच-सात वर्षांनी कुणीतरी विचारतं, हे कधीचं? मग वाद सुरू. ‘आजोबांच्या हातात काठी आहे, म्हणजे ऑपरेशननंतरचं.’ ‘छे, पडदे बघ, पडदे जुनेच आहेत.’ अहो, पडद्यांवरून तारखा कसल्या काढता? कॅमेऱ्याने तारीख लिहून ठेवली होती. तुम्ही ती टाकून दिलीत.

घरातली लोणच्याची बरणी डोळ्यांपुढे आणा. बरणीवर चिठ्ठी आहे, लोणचं कधी घातलं त्याची. तुम्ही त्यातलं लोणचं वाडग्यात काढून घेतलंत. लोणचं आलं, चिठ्ठी बरणीवरच राहिली. एक्स्पोर्ट म्हणजे हेच. नव्या फाइलवर बहुतेक वेळा एक्स्पोर्ट केल्याची तारीख पडते, शूटिंगची नाही. आणि कॅमेऱ्यातलं कार्ड फॉरमॅट करणं म्हणजे बरणी घासून पालथी घालणं. आता शोधा चिठ्ठी!

मूळ फाइल हाताशी असेल तर मात्र शोधणं अवघड नाही. प्रीमियर प्रोमध्ये प्रोजेक्ट पॅनेल लिस्ट व्ह्यूमध्ये घ्या. ‘मीडिया स्टार्ट’ या रकान्यात क्लिपचा सुरुवातीचा टाइमकोड, म्हणजे तास-मिनिट-सेकंद-फ्रेमचा आकडा, दिसतो. दाविंची रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूलच्या लिस्ट व्ह्यूमध्ये ‘स्टार्ट टीसी’ आणि ‘डेट क्रिएटेड’ असे रकाने आहेत. दिसत नसतील तर रकान्यांच्या मथळ्यावर राइट क्लिक करून चालू करा. आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नाहीच सापडलं, तर मीडियाइन्फो नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. फाइल त्यात टाका, आत काय लिहिलंय ते वाचून दाखवतं.

एक गफलत नेहमी होते. रिझॉल्व्हची टाइमलाइन मुळातच 01:00:00:00 पासून सुरू होते. ते पाहून लोक म्हणतात, कॅमेऱ्याचा टाइमकोड मिळाला! नाही मिळाला. तो टाइमलाइनचा आकडा आहे. कॅमेऱ्याचा टाइमकोड क्लिपबरोबर येतो. कॅमेरा ‘रेक रन’वर असेल तर तो शूटिंग चालू असतानाच पुढे सरकतो. ‘फ्री रन’वर ठेवून घड्याळाशी जुळवलेला असेल, तर खरी वेळ सांगतो. पण तारीख तोही सांगत नाही. चोवीस तास झाले की पुन्हा शून्यावर. तारखेची नोंद वेगळी असते.

विंडोजमधला ‘डेट क्रिएटेड’ हा रकाना तर हमखास फसवतो. फाइल कॉपी केली की तिथे कॉपी केल्याचा दिवस येतो. म्हणजे बरणी बहिणीकडून आपल्याकडे आली त्या दिवसाची चिठ्ठी, लोणचं घातलं त्या दिवसाची नव्हे. त्यापेक्षा ‘मीडिया क्रिएटेड’ हा रकाना पाहा. तो फाइलच्या आत लिहिलेलं वाचतो.

तिथेही एक मेख आहे. मोबाइलच्या एमपी-फोर फाइलमध्ये वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे 5 वाजता काकड आरतीचं शूटिंग केलंत, तर आत नोंद आदल्या रात्रीच्या 11:30 ची. काही सॉफ्टवेअर फरक जोडून दाखवतात, काही तसंच ठेवतात. म्हणून तारीख एक दिवसाने चुकलेली दिसली तर आधी साडेपाच तास मिळवून बघा, मग कॅमेऱ्याला नावं ठेवा.

मिनी डीव्हीच्या कॅसेटी ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांनी जरा कान द्या. त्या टेपवर फ्रेमगणिक टाइमकोड आहे आणि शूटिंगची तारीख-वेळही आहे. फायरवायर केबलने उतरवलीत तर ती फाइलमध्ये येते. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींनी उतरवलीत तर चित्र येतं, आवाज येतो, तारखेची नोंद येत नाही. दुकानात द्याल तेव्हा एवढं विचाराच, आणि नुसती डीव्हीडी घेऊन घरी येऊ नका. उतरवलेली मूळ फाइल मागा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या.

तसंच व्हॉट्सॲप. भाच्याने व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान होऊन येतो आणि शूटिंगची तारीख वाटेतच गळते. फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती व्हॉट्सॲपने टाकलेली. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे फाइल आहे तशी येते.

कुणी म्हणेल, मग तारीख चित्रावरच छापून टाकू. प्रीमियरमध्ये टाइमकोडचा इफेक्ट आहे, रिझॉल्व्हमध्ये डेटा बर्न-इन आहे. कामाच्या प्रतीसाठी जरूर वापरा. पण जपून ठेवायच्या प्रतीवर नको, हो! चिठ्ठी लोणच्यात कालवली की पुन्हा निघत नाही. बायकोच्या नऊवारीवर पिवळे आकडे जन्मभर राहतील.

आणि या सगळ्याच्या आधी, कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावा. बॅटरी बरेच दिवस उतरलेली असली की कॅमेरा आपल्या मनाने कुठल्यातरी 1 जानेवारीला जाऊन बसतो, आणि ती चुकीची तारीख इमानेइतबारे प्रत्येक क्लिपवर लिहितो. चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या भिंतीवरचं कॅलेंडरच उलटायचं राहिलं तर चिठ्ठीचा काय दोष?

काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली आहे. अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या कॅसेटींबद्दल सांगायचं होतं. त्यांच्याकडे सेकंदाला 29.97 फ्रेम, आपल्याकडे 25, आणि त्यांच्या टाइमकोडमध्ये दर मिनिटाला दोन आकडे गाळतात, फक्त दर दहाव्या मिनिटाला गाळत नाहीत... पण ते राहू द्या. आज संध्याकाळी एवढंच करा: एक हार्ड डिस्क घ्या, मूळ फायली आहेत तशा त्यात ठेवा, कार्डावरचं फोल्डर अख्खं उचला, नावं बदलू नका. मूळ फाइल पुसू नका. दुसऱ्यांदा सांगितलं ना? बरं झालं.