डबा उघडण्याआधीची पाच मिनिटं

(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेलं मनोगत)



इतक्या वर्षांनी वरणगावात आपण भेटलो आणि सकाळपासून प्रत्येकानं विचारलं, "मुलं काय करतात गं?" त्याचं उत्तर आज जरा सविस्तर देते.

माझा मुलगा अकरावीत आहे. सातवीत असताना त्याला टाईप १ मधुमेह झाला. हा मधुमेह गोड खाल्ल्यानं होत नाही आणि आईच्या चुकीनंही होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. मग इन्सुलिन रोज टोचावंच लागतं. काढ्यानं भागत नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं गेलं. त्याआधी अशी मुलं फार काळ जगत नसत.

नववीत त्याची तीन महिन्यांची सरासरी साखर एकदम वाढली. वहीतले आकडे मात्र छान! मशीनमध्ये पाहिलं तर त्यातले निम्मे नव्हतेच. मी खूप रागावले. रात्री तो म्हणाला, "आई, दुपारचं इंजेक्शन संडासात जाऊन घ्यावं लागतं. मुलं हसतात, म्हणून घेतच नाही. आणि साखर जास्त आली की तू रडतेस."

पोरगा बेशिस्त नव्हता, एकटा पडला होता.

तेव्हापासून घरात आल्या आल्या "किती आली?" विचारणं मी सोडलं. आकडा म्हणजे परीक्षेचे मार्क नव्हेत; पुढचा डोस ठरवण्यापुरता तो लागतो. रात्रीचं इंजेक्शन तो स्वतः घेतो, पण मी शेजारी बसते. वर्गशिक्षिकांना भेटले. त्यांनी डबा उघडण्याआधी पाच मिनिटं स्टाफरूममध्ये एक खुर्ची दिली. दोन मित्रांना त्यानं स्वतःच सगळं सांगितलं. आधी वहीतले आकडे खरे झाले, मग हळूहळू चांगले झाले.

आपल्यातले कितीतरी जण आज शिक्षक आहेत, त्यांना विनंती. अशा मुलाला वर्गात साखर तपासू द्या, खाऊ द्या. सीबीएसईनं २०१७ मध्ये परीक्षेतही अशा मुलांना खाऊ जवळ ठेवायची परवानगी दिली. पीटीच्या तासाला मुलगा थरथरला, घामाघूम झाला, तर साखर उतरली असेल. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, त्याला एकटं सोडू नका. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊकच आहे! सहलीच्या बसमध्ये इन्सुलिनची पिशवी उन्हात राहू देऊ नका, औषध खराब होतं. घरी फ्रीज नसेल तर मातीच्या ओल्या मडक्यातही ते बरंच थंड राहतं.

खर्च झेपत नसेल तर नागपूरची ड्रीम ट्रस्ट आणि छत्रपती संभाजीनगरची उडान या संस्था अशा मुलांसाठी काम करतात. गरजू घरापर्यंत हे पोहोचवा.

आपल्या शाळेत कुणी डबा विसरला तर आपण त्याला उपाशी राहू देत नव्हतो. माझ्या मुलाला तेवढंच हवं होतं, कुणीतरी शेजारी. तुमच्या वर्गात, गल्लीत असं एखादं लेकरू असेल, तर त्याच्या शेजारी बसा.