हृदयाचा जमाखर्च

(देवस्थानच्या वर्धापनदिनी सभामंडपात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



देवस्थानच्या जमाखर्चाचे वाचन या सभामंडपात दरवर्षी होते. आज मी आपणांसमोर एका निराळ्या जमाखर्चाविषयी चार शब्द बोलणार आहे.

सुमारे १४०० वर्षे युरोपातील वैद्यक गॅलेन या ग्रीक वैद्याच्या मताने चालले. अन्नापासून यकृतात रक्त सतत तयार होते आणि अवयव ते शोषून संपवितात, असे ते मत होते. इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याला हिशेबाने उत्तर दिले. एका ठोक्याला हृदयातून किती रक्त बाहेर पडते, याचा कमीत कमी अंदाज धरून त्यांनी त्यास ठोक्यांच्या संख्येने गुणले. अर्ध्या तासाचा खर्च साऱ्या शरीरातील शिलकीहून अधिक भरला! एवढे रक्त अन्नातून निर्माण होणे अशक्य. अर्थात तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. रक्त जाते व येते, यांमधील दुवा मात्र हार्वे यांच्या हयातीत दिसला नाही. १६६१ साली मालपिगी या इटालियन शास्त्रज्ञाने बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या, आणि वर्तुळ पूर्ण झाले.

आपले हृदय मुठीएवढे असते. त्यात वर दोन अलिंद व खाली दोन निलय असे चार कप्पे आहेत. शरीरभर फिरून आलेले अशुद्ध रक्त नीलांवाटे उजव्या बाजूस येते व तेथून फुप्फुसांकडे जाते. तेथे प्राणवायू घेऊन ते डाव्या बाजूस परतते आणि महारोहिणीतून सर्वांगाला पोहोचते. डाव्या निलयास ते दूरवर धाडावयाचे असल्यामुळे त्याची भिंत अधिक जाड असते. रक्त मागे फिरू नये म्हणून झडपांची योजना आहे. वैद्य नळी लावून ऐकतात तो नाद या झडपा मिटण्याचा. विश्रांतीत एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर आणि मिनिटाला सुमारे ७० ठोके, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ५ लिटर रक्त हृदयातून जाते. शरीरातील एकूण रक्तही साधारण तेवढेच आहे. दिवसाचा हा आकडा ७,००० लिटरच्या घरात जातो.

आता एक गोष्ट महाजनांना विशेष पटेल. एवढे रक्त हातून जात असता हृदयाचा स्नायू त्यातून परस्पर काही उचलीत नाही. भांडाराच्या किल्ल्या सांभाळणाऱ्यानेही आपला वाटा रीतसर घ्यावा, तसे त्याचे वागणे आहे. महारोहिणीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन लहान रोहिण्यांवाटे त्याचे पोषण होते. तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब व रक्तातील मेद यांमुळे या रोहिण्यांच्या भिंतींत किटण साचते. ते फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरली, की वाट बंद होते आणि पलीकडचा स्नायू उपासमारीने मरू लागतो. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. वाट जितक्या लवकर मोकळी होईल तितका तो वाचतो.

म्हणूनच आपल्या घरांतील एका सवयीविषयी स्पष्ट बोलणे मला भाग आहे. छातीवर दडपण आले, घाम फुटला, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, तरी आपण म्हणतो, "वायू धरला असेल", आणि सोलकढी किंवा ओव्याचे पाणी देऊन सकाळची वाट पाहतो. स्त्रियांत व मधुमेहींत तर कळ फारशी न येता केवळ धाप, मळमळ वा विलक्षण थकवा एवढेच लक्षण असू शकते; आणि घरातील बायका उत्सवाची पाने वाढून होईपर्यंत बोलत नाहीत. देवाला गाऱ्हाणे अवश्य घालावे, परंतु १०८ क्रमांकास दूरध्वनी आधी करावा. रोग्याने स्वतः गाडी हाकू नये. मनुष्य निपचित पडला व श्वास नीट चालेनासा झाला, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी सुमारे ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत दाबत राहावे.

ही कृती आपल्या कुळातील प्रत्येक तरुणाने शिकून घ्यावी आणि पुढील जत्रेपूर्वी समितीने तिचे शिक्षण येथेच योजावे, अशी माझी नम्र सूचना आहे.