गाड्या वळायच्या थांबल्या तेव्हा

आम्ही बचत गटांचं काम करणाऱ्या बाया आज तुम्हाला गाडीत बसवून लांब नेणार आहोत, थेट अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात. तिथून रूट ६६ नावाचा जुना महामार्ग जातो. तो १९२६ साली ठरला. शिकागोपासून कॅलिफोर्नियापर्यंत, जवळजवळ चार हजार किलोमीटर. त्यातला एक लहान तुकडा आपण पाहू, तोही एका बाईच्या दुकानासाठी.

ओक्लाहोमा सिटी मागे टाकून पश्चिमेला निघालं की एल रेनो लागतं. पुढे मोकळा गवताळ माळ. तांबडी माती, गव्हाची शेतं, चरणारी गुरं. रस्ता जुन्या काँक्रीटचा. सांध्यावरून चाक गेलं की धप्प, धप्प आवाज येतो. मग साउथ कॅनेडियन नदीवरचा १९३३ सालचा लांबलचक पूल. त्यावर एकामागे एक ३८ लोखंडी कमानी. पूल ओलांडून पुढे गेलं की हायड्रो हे छोटं गाव. वस्ती हजाराच्या आसपास. इथला भुईमूग प्रसिद्ध.

गावाबाहेर रस्त्याकडेला एक दुमजली, चिमुकला पेट्रोलपंप आहे. खाली दुकान, वर घर. १९४१ साली ल्यूसिल हॅमन्स आणि तिच्या नवऱ्याने तो विकत घेतला. नवरा ट्रकच्या धंद्यात, पंप ल्यूसिलच्या हाती. तीन मुलं वाढवत तिने तो चालवला. काम शोधायला पश्चिमेला निघालेली माणसं तिथे थांबत. कुणाकडे पैसे नसले तर ती त्यांना जेवू घाली, एखादी वस्तू ठेवून घेऊन पेट्रोल देई.

मग शेजारूनच इंटरस्टेट ४० हा मोठा महामार्ग झाला. अशा रस्त्यावरून वाटेल तिथे खाली उतरता येत नाही, ठरलेल्या जागीच उतरावं लागतं. गाड्या डोळ्यांसमोरून पळत होत्या, पण दुकानाकडे वळत नव्हत्या. त्या रस्त्यावरची किती दुकानं अशीच बंद पडली. ल्यूसिलने नवं गिऱ्हाईक शोधलं. जवळच्या वेदरफर्ड गावात कॉलेज होतं आणि तिथे बिअर विकायला बंदी होती. तिने थंड बिअर ठेवली, पोरं येऊ लागली. काही जणींच्या कपाळाला आठ्या पडतील. आम्हीही बिअर विका म्हणत नाही! पण वाटसरू गेल्यावर तिने आसपास कोण राहतं ते पाहिलं, हे ध्यानात घ्या.

१९८५ साली रूट ६६ सरकारी यादीतून गेला. ल्यूसिल मात्र २००० साली वारली तोवर, म्हणजे ५९ वर्षं, तिथेच होती. या रस्त्याला तिकडे 'मदर रोड' म्हणतात. लोक ल्यूसिलला त्या मदर रोडची आई म्हणू लागले.

हे सांगायचं कारण असं. आपल्याकडेही बाह्यवळण रस्ते होताहेत. आपल्या कितीतरी जणी फाट्यावर चहा, भजी, पेरू, शेंगा विकतात. ल्यूसिलची जागा तिच्या कुटुंबाची होती. आपली टपरी बहुधा सरकारी जागेत असते, हाती कागद नसतो. रस्ता सरकला की गिऱ्हाईक गेलं, आणि गेलेल्या गिऱ्हाइकाची भरपाई मागायला आपण कोणत्या तोंडाने जाणार?

म्हणून रस्त्याची मोजणी सुरू झाली की ग्रामसभेत विचारा, गाड्या गावात वळणार कुठून? नकाशा बघायला मागा. टपरीसाठी कर्ज काढण्याआधी जागा कुणाच्या नावावर आहे ते पाहा. आणि नुसत्या वाटसरूंवर धंदा उभा करू नका. गावातल्या शाळेत, अंगणवाडीत, लग्नघरात आपला माल कोण घेईल, त्याची यादी गटाच्या पुढच्या बैठकीत करा. रस्ता कुठून न्यायचा हे आपल्या हातात नाही. ही यादी आहे.