सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांचे काय?



ब्रह्मदेशात १९६२ नंतर लष्करी राजवटीने गावेच्या गावे हुकमाने उठवली. पनवेलच्या शेतकऱ्याची जमीन घेण्यासाठी लष्कर लागले नाही. इंग्रजांनी केलेला १८९४ चा भूसंपादन कायदा पुरेसा ठरला. सार्वजनिक प्रयोजन कोणते हे सरकारने ठरवायचे आणि त्यावरील हरकत सरकारी अधिकाऱ्यानेच ऐकायची, अशी त्या कायद्याची रचना होती.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नव्या मुंबईचा आराखडा पसरला. आगरी, कोळी, कराडी समाजांनी खाडीला बांध घालून पिढ्यान्‌पिढ्या राखलेली ही खारजमीन, भातशेती आणि मिठागरे. याच जिल्ह्यात चरी येथे १९३३ पासून कुळांनी खोतांविरुद्ध वर्षानुवर्षे संप चालवला होता. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कायद्याने कूळ मालक झाले. म्हणजे ज्यांची नावे तेव्हा सातबाऱ्यावर चढली, त्यांच्या मालकीला तेरा वर्षेही धड झाली नव्हती!

दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जण हुतात्मे झाले. त्या वेळी आणीबाणी उठून जवळजवळ सात वर्षे झाली होती. राज्यात निवडून आलेले मंत्रिमंडळ होते.

त्या रक्ताची किंमत म्हणून साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व १९९० मध्ये मान्य झाले. जमीन देणाऱ्याला केवळ रोख मोबदला नव्हे, तर उभ्या राहणाऱ्या शहरातही वाटा मिळाला पाहिजे, हा विचार देशभरातील विस्थापितांना उपयोगी पडण्याजोगा होता. मात्र सामाजिक सुविधांसाठी त्यातून पावणेचार टक्के वजा झाले आणि हाती पावणेनऊच उरले.

पण खरा प्रश्न टक्क्यांच्या पलीकडचा आहे. वाटा मोजला गेला तो सातबाऱ्यावरून. मिठागरात राबणारा मजूर, दुसऱ्याच्या शेतावर जगणारा भूमिहीन, खाडीत जाळे टाकणारा कोळी यांचे नाव त्या कागदावर कधीच नव्हते. खाडीचा तर सातबाराच नसतो. गावठाणांचा विस्तारही कुटुंबांच्या वाढीबरोबर झाला नाही. परिणामी वडिलांच्या जागेवर मुलाने गरजेपोटी बांधलेले घर अनधिकृत ठरले.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन झाले. त्यासाठी दहा गावे हलवली गेली. त्या शेतकऱ्यांना साडेबावीस टक्क्यांची योजना मिळाली, ती मागील लढ्याच्या पुण्याईवर. विमानतळाला दि. बां.चे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २०२२ मध्ये केला. नाव द्यायला सरकारी तिजोरीतून काही जात नाही. कार्यकर्त्यांनी आता गावोगावची यादी करताना तलाठ्याच्या दप्तरापासून नव्हे, तर उंबरठ्यांपासून सुरुवात करावी : घरात कोण राहत होते, कशावर जगत होते आणि त्यांच्या पदरात काय पडले.