डब्याचं झाकण

पडद्याच्या आड तारप्याच्या नाचाचे कपडे घालून मुलं कुडकुडत उभी आहेत. मुलांनो, तुमच्यासाठीच मी थोडक्यात बोलणार आहे. निदान घरून निघताना तसं ठरवलं होतं.

मुख्याध्यापक सर फोनवर म्हणाले होते, "मॅडम, मुलांना करिअरबद्दल सांगा, आणि तुमचा विषय काय तेही जरा समजावा." आसनगावला उतरून गाडीत बसल्यापासून मी टिपणं काढत होते. चांगली दोन पानं झाली. मग गाडी फाटकातून आत शिरली, ती पाण्याची टाकी दिसली, आणि टिपणांचा कागद पर्समध्ये गेला तो गेलाच.

तुम्हाला ती टाकी साधी वाटत असेल. १९८६ साली मी याच शाळेतून दहावी झाले. त्याआधीची पाच वर्षं मधल्या सुट्टीत आम्ही चार मुली त्या टाकीच्या मागे बसून जेवायचो. मागे का? पुढच्या पायऱ्यांवर गावठाणातल्या मुली बसायच्या. त्यांच्या डब्यात चपाती, बटाट्याची भाजी, कधी शिरा. आम्ही ठाकूरवाडीतल्या. आमच्या डब्यात नागलीची भाकरी आणि सुकटीची चटणी, नाहीतर नुसतं मीठ-मिरचीचं वाटण. नागलीची भाकरी काळी. एकदा कुणीतरी हसलं, "शेण थापून आणलंय का?" त्या दिवसापासून मी डब्याचं झाकण डाव्या हाताने उभं धरायचे आणि त्याच्या आडून उजव्या हाताने जेवायचे. ती सवय इतकी अंगात भिनली की घरी जेवतानासुद्धा डावा हात वर यायचा. आई विचारायची, "कुणापासून लपवतेस गं?"

कोण हसलं होतं ते सांगत नाही. ती आज इथे दुसऱ्या रांगेत बसली आहे, तिची नात नाचात आहे, आणि सकाळी तिनेच मला ओवाळलं.

तर विषय. लोकसंख्याशास्त्र म्हणजे माणसं जन्मतात किती, मरतात किती, आणि गाव सोडून जातात किती, याचा हिशोब. एवढंच. एकच आकडा देते. १९९२-९३ साली देशात पहिलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं, तेव्हा भारतात एका बाईला सरासरी ३.४ मुलं होत होती. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात तो आकडा २.० वर आला. यात तुमच्या आजीची, आईची आणि तुमची अशी तिघींची गोष्ट आहे. ती सविस्तर सांगायला एक तास लागेल आणि सर आत्ताच घड्याळ बघताहेत.

ही सर्वेक्षणं जिथून चालतात ती आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था मुंबईत देवनारला आहे, गोवंडी स्टेशनजवळ. १९५६ साली सुरू झाली. आशियातल्या आणि आफ्रिकेतल्या देशांतून तिथे लोक शिकायला येतात. १९९२ च्या जुलैत मी तिथे गेले. आसनगावहून कुर्ला, कुर्ल्याला गाडी बदलून गोवंडी. पत्र्याची पेटी, वळकटी आणि आईने दिलेली पिठाची पिशवी. वसतिगृहाच्या आमच्या मजल्यावर ढाक्याची एक, काठमांडूची एक, श्रीलंकेतल्या कँडीची एक, व्हिएतनामच्या हनोईची एक, इथिओपियातल्या अदिस अबाबाची एक. आमच्यातली पुण्याची एक होती, शुद्ध शाकाहारी. एकमेकींची नावं कुणालाच नीट घेता येईनात, म्हणून आम्ही गावाच्या नावाने हाका मारायला लागलो. ए ढाका, ए हनोई. मी शहापूरची, म्हणून झाले 'शापूर'. मुरबाडला माझं आजोळ आहे, तिथल्या मामाला कळलं तेव्हा तो रुसला. म्हणाला, मुरबाडचं नाव का नाही सांगितलंस?

मी मात्र त्या नावाचा तोरा मिरवायचे. नळ सोडला की म्हणायचे, प्या, आमच्या तालुक्याचं पाणी आहे. आणि ते खरंच आहे. तानसा आपल्याकडचं, भातसा आपल्याकडचं. एप्रिलमध्ये आमच्या वाडीत हंड्यांची रांग लावून टँकरची वाट बघतात, ते मात्र मी त्यांना सांगायचे नाही. व्यासपीठावर पाणीपुरवठ्याशी संबंधित मंडळी आहेत, म्हणून आठवण झाली, दुसरं काही नाही.

आठवड्याचे पाच-सहा दिवस मेसमध्ये जेवण. शनिवार-रविवारी आपलं आपण करायचं. मजल्याच्या टोकाला एक छोटी खोली होती, तिथे दोन शेगड्या. शनिवारी दुपारी तास संपले की त्या खोलीत जी गर्दी व्हायची! कुणाचा भात, कुणाची डाळ. हनोईकडे माशाच्या पाण्याची एक बाटली असायची. तिचं बूच उघडलं की पुणे नाकाला पदर लावून गॅलरीत जायची. मला तो वास घरचा वाटायचा, आपल्या सुकटीचा धाकटा भाऊ. पण सुरुवातीला महिनाभर मी त्या खोलीत गेलेच नाही. माझ्या खोलीचं दार लावून, खाटेवर बसून, डब्याचं झाकण उभं धरून जेवायचे. बावीस वर्षांची बाई, पदवी घेतलेली, दार बंद असूनही डावा हात वर.

एका रविवारी संध्याकाळी मी घरून परत आले. आईने बांधून दिलेल्या भाकरी पेपरात होत्या. दार नीट लागलं नव्हतं. अदिस काहीतरी मागायला आली, आणि थबकली. माझ्या हातातल्या भाकरीकडे बोट दाखवून म्हणाली, "दागुसा!" मला वाटलं, ही पण हसणार. तिने विचारलंसुद्धा नाही, एक तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि तिचे डोळे भरून आले. दागुसा म्हणजे त्यांच्या भाषेत नागली. नागली मुळात तिकडचीच, पोरांनो, पूर्व आफ्रिकेतल्या डोंगरांतली. हजारो वर्षांपूर्वी ती इथे आली आणि आपल्या वरकस जमिनीवर रुजली. मला ज्या भाकरीची लाज वाटत होती, त्या भाकरीत हिला आपलं घर दिसलं. ती मला हाताला धरून त्या खोलीत घेऊन गेली आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, शापूरकडे दागुसा आहे!

पुढच्या शनिवारसाठी तिने माझं नागलीचं पीठ आणि थोडं तांदळाचं पीठ भिजवून दोन रात्री आंबवलं आणि तव्यावर मोठाले जाळीदार घावन घातले. तिकडे ते टेफ नावाच्या धान्याचे करतात, त्याला इंजेरा म्हणतात. आपली आंबोळीच म्हणा. सगळ्यांचं जेवण एकाच ताटात, आणि जेवताना आपण घास करून दुसरीच्या तोंडात घालायचा. त्याला गुर्शा म्हणतात. आपल्याकडे लग्नात नवरा-नवरी एकदा भरवतात तेवढंच, आणि तेही फोटोसाठी. माझ्या तोंडात तिने घास घातला तेव्हा माझे दोन्ही हात खाली होते. मला ते खोलीवर परत आल्यावर लक्षात आलं.

त्याच आठवड्यात वर्गात एक व्याख्या शिकवली. जनगणनेत कुटुंब कशाला म्हणतात? मी मनात म्हटलं, आई-वडील, मुलं, रक्ताचं नातं. सरांनी फळ्यावर लिहिलं: सर्वसाधारणपणे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. रक्ताचा शब्द नाही, जातीचा नाही, आडनावाचा नाही. फक्त चूल! आणि आपल्या लोकांना हे पुस्तकाशिवाय माहीत आहे. दोन भाऊ वेगळे झाले असं कुठे म्हणतो आपण? चूल वेगळी झाली म्हणतो. लग्नाला सगळ्या घराला बोलावलं की म्हणतो, चूलबंद आमंत्रण आहे. वसतिगृहासाठी जनगणनेत वेगळा शब्द आहे, संस्थात्मक कुटुंब. त्यात वसतिगृहं येतात आणि तुरुंगही येतात. आम्ही आणि कैदी एका रकान्यात, असं काठमांडू म्हणायची, आणि मेसमधली आमटी बघून म्हणायची, बरोबरच आहे. २०२७ ला पुढची जनगणना आहे. समोर बसलेल्या बाई आणि सर, तुमच्यापैकी बरेच जण पिशवी खांद्याला लावून दारोदार जाल. हा प्रश्न विचाराल तेव्हा उत्तर घाईने लिहू नका, जरा आत डोकावून चुली मोजा.

आता एक गोष्ट मोठ्यांसाठी. १९९२ चा ६ डिसेंबर, अयोध्येत बाबरी मशीद पाडली तो दिवस, रविवार होता. मी शनिवारी घरी आले होते, रविवारी संध्याकाळी पिशवी घेऊन परत गेले. पिशवीत नागलीचं पीठ, कडवे वाल, पावशेर सुकट. दुसऱ्या दिवसापासून मुंबईत दंगलीत काय काय झालं ते तुमचे आजी-आजोबा सांगतील. गोवंडी-देवनारचा तो सगळा भाग तापला होता. संचारबंदी लागली. भाजी नाही, दूध नाही. रात्री गच्चीवरून धूर दिसायचा. ढाका खिडकीजवळ जात नव्हती. तिच्या घरून फोन येणं शक्य नव्हतं, आणि तिथेही रस्त्यावर काय चाललं असेल या विचाराने ती जेवेना.

आम्ही त्या छोट्या खोलीत सगळं आणून ओतलं. ढाक्याची मसूर, काठमांडूचे तांदूळ, माझे वाल, कँडीच्या डब्यातला नारळाचा कीस. खिचडी करायची ठरली. ढाका म्हणाली, आमच्याकडे खिचुडी म्हणतात, आणि ती पाऊस पडला की करतात. पुणे म्हणाली, मी कांदा चिरते. दोन पातेली झाली, एकात सुकट, एकात नाही. कारण माणसं एकत्र जेवली म्हणजे एकसारखी झाली असं नाही, पोरांनो, हे लक्षात घ्या. पुणे शेवटपर्यंत शाकाहारीच राहिली. पण सुकटीचं पातेलं तिने घासलं. घासताना नाक दाबून घेतलं होतं, तरी घासलं. ढाका पहिल्यांदा जेवली ती त्या रात्री.

नाही, सगळं गोड गोड नव्हतं. शेगडीवरून भांडणं व्हायची, दूध कुणी संपवलं यावरून दोघी आठवडाभर बोलत नव्हत्या. आणि पुढच्या जूनमध्ये मी घरून मोठ्या दिमाखात शेवळं नेली. समोरच्या आज्या हसायला लागल्या बघा! त्यांना कळलं पुढे काय झालं. खाज मारणारी काकडं न्यायला विसरले. चिंचेवर भागवू म्हटलं, आणि चिंचही कमी पडली. सहा देशांचे घसे खाजत होते. हनोईने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, कारण तिला बोलताच येत नव्हतं.

करिअरचं राहिलंच. इथे करिअरची पुस्तकं लिहिणारे पुष्कळ आहेत. माझा एकच हट्ट आहे, आणि तो मी जिथे जाते तिथे धरते: आठवड्यातून एक जेवण अशा माणसाबरोबर जेवा, ज्याच्या घरी तुम्ही कधी जेवला नाहीत. त्याच्या डब्यातलं खा, तुमच्या डब्यातलं द्या. मोबाइल दप्तरात. आणि मुलग्यांनो, हसू नका, मी तुम्हालाच म्हणतेय, तो डबा तुम्ही केलेला असू दे. भाकरी थापता येत नसेल तर शिका. तुटेल, करपेल, तव्याला चिकटेल, खा तीच. तिसऱ्या रांगेतला तो निळ्या स्वेटरमधला मुलगा मान हलवतोय. येते का तुला? येते म्हणतोय. टाळ्या वाजवा त्याच्यासाठी. नववीच्या बाई, मला एक सांगा, आज मधल्या सुट्टीत टाकीच्या मागे कुणी बसतं का? हात वर करू नका, मला उत्तर इथे नको आहे. उद्या जाऊन बघा.

सरांची चिठ्ठी आली. 'वेळ' एवढंच लिहिलंय. बरं.

शेवटचं, आणि हे सरांना. कार्यक्रमानंतर पाहुण्यांची पानं कार्यालयात मांडली आहेत असं मघाशी कळलं, पडदा लावून. मला तिथे नका बसवू. मैदानात मुलांची पंगत आहे ना? मी तिथे बसते. खिचडी वाढणाऱ्या मावशी त्या खांबाजवळ उभ्या आहेत, त्यांना मी ओळखते, त्या टाकीमागच्या चौघींमधल्या एक आहेत. मावशी, माझ्या पिशवीत आठ भाकऱ्या आहेत, नागलीच्या, पहाटे थापल्यात. तू तुझी चटणी काढ.

हा घ्या माइक. मुलांना बोलवा, कधीची थंडीत उभी आहेत.